टांगा मिळाला, टांगेवाला नाही



गेल्या महिन्यात एका रविवारी मी जळगावहून धुळ्यास मोटारसायकलीवर एकटाच गेलो. हमरस्ता एरंडोल-पारोळ्यावरून जातो. तो सोडून मी पाचोरा, भडगाव, चाळीसगाव असा लांबचा मार्ग धरला व पुढे आडरस्त्यांनी धुळे गाठले. निघताना घरच्यांनी विचारले, "एकटे कशाला जाता?" हा प्रश्न आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे, आणि त्याच्या मुळाशी केवळ वाटमारीचे भय नव्हते.

ते भय कशाचे, हे चाळीसगावच्या स्थानकाबाहेर उभे राहिले म्हणजे कळते. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाबासाहेब येथे उतरले. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. धुळे मार्गावरील एका गावी सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार घातला होता. त्याची चौकशी करून ते आगगाडीने चाळीसगावी परतले. आपली माणसे हार घेऊन उभी होती, टांगेही पुष्कळ होते. तरी तासभर खोळंबा झाला, कारण अस्पृश्य उतारूस बसवून टांगा हाकण्यास एकही टांगेवाला तयार नव्हता. बाबासाहेबांनी महारवाड्यापर्यंत पायी यावे, हे लोकांना साहवेना. अखेर तडजोड झाली: टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मात्र तुमचा.

ज्याच्या हाती लगाम आला, त्यास हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरील बिनकठड्याच्या फरशीवर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासह नदीत कोसळला. त्यांचा पाय मोडला. प्रवाशाच्या मानापेक्षा त्याचा जीव मोलाचा, हे आपल्या माणसांच्या ध्यानात राहिले नाही, असे त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात नमूद केले आहे.

या प्रसंगात मला, एक वकील म्हणून, एक तत्त्व दिसते. अर्धा हक्क हा हक्कच नव्हे. टांगा देऊन टांगेवाला नाकारणे ही सवलत नसून तो नकारच आहे. असा नकार आपण गोड मानून घेतला, तर फरशीवर पडणारे आपणच असतो.

आज कायदा काय म्हणतो? संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने उपाहारगृहे, विहिरी व रस्ते जातीच्या कारणावरून कोणासही बंद करता येत नाहीत. सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. एकोणिसाव्याने देशभर मुक्त संचाराचे स्वातंत्र्य दिले. १९५५ च्या कायद्याने, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, सार्वजनिक वाहन अस्पृश्यतेच्या कारणाने नाकारणे हा गुन्हा ठरविला. धम्म स्वीकारल्यावर अनुसूचित जातीचे संरक्षण जाते, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा त्यात समावेश झाला आहे, म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही त्यांच्या पाठीशी आहे. मात्र जातीचा दाखला घरात जपून ठेवा. न्यायालयात पुरावा लागतो.

परंतु कायदा ग्रंथात असतो आणि मनुष्य रस्त्यावर. त्या दिवशी एका आडगावी चहास थांबलो. "कोनता गावना भाऊ?" असे विचारून झाल्यावर आडनाव विचारले गेले. मी सांगितले. फळीवर काचेचे पेले मांडलेले होते, मला कागदी पेला मिळाला. त्यामागे जात होती असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. मी शांतपणे म्हणालो, "काचेचा द्या." तो क्षणभर थांबला, मग त्याने दिला. मी चहा पिऊन, पैसे देऊन निघालो. भांडण झाले नाही, आणि तडजोडही झाली नाही.

म्हणून माझे सांगणे इतकेच. दीक्षाभूमीस आपण हजारोंनी जातो, ते योग्यच आहे. परंतु समुदायात निर्भय असणे सोपे असते. आपल्या मुलास, आणि मुलीसही, एकट्याने धुळ्यास, जळगावास, आडगावच्या वाटेनेही जाऊ द्या. नाव विचारल्यास खरे सांगण्यास आणि पूर्ण पेला मागण्यास त्यांना शिकवा. ज्या दिवशी "एकटे कशाला जाता?" हा प्रश्न आपल्या घरात केवळ पावसापाण्याच्या काळजीने विचारला जाईल, त्या दिवशी चाळीसगावची ती फरशी आपण खऱ्या अर्थाने ओलांडली असे म्हणता येईल.

जय भीम.