संसार म्हणजे व्यापाराचा माल नव्हे



रेल्वे कामगाराची बदली झाली की पहिला प्रश्न सामानाचा येतो. ट्रंका, पलंग, शेगडी, शिवणयंत्र, मुलांची सायकल, देवघर. या सामानासाठी आपल्याला किट पास मिळतो, बदली अनुदान मिळते. ही कुणाची मेहेरबानी नाही. नोकरी जिथे नेईल तिथे संसार न्यावाच लागतो, आणि त्याचा भुर्दंड कामगाराच्या खिशावर पडू नये, हे तत्त्व यामागे आहे. हेच तत्त्व आता देशाच्या सीमेवरही मांडण्याची वेळ आली आहे.

झाशीत रेल्वेचे वर्कशॉप १८९५ साली निघाले. २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वे सुरू होईपर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेत होता आणि मुख्यालय मुंबईला होते. त्यामुळे भुसावळ, मुंबई, नागपूरची कितीतरी मराठी घरे इथे रुजली. या घरांतला आजचा तरुण रेल्वेतच चिकटेल असे नाही. रेल्वेत आणि डाकखात्यात कायम भरती आटली, कंत्राटदारी वाढली. मग वेल्डर, फिटर, नर्स झालेली आपली मुले आखातात जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने कुशल कामगार पाठवण्यासाठी जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. म्हणजे परदेशी संसार मांडणे आणि मोडणे हा आता साहेबलोकांचा विषय राहिलेला नाही, तो आपल्या क्वार्टरमध्ये आला आहे. आणि संसार मोडून परत येताना दारात कस्टम उभे असते.

माणसाचे सामान अडवून कर घेण्याचा प्रकार झाशीला नवा नाही. इंग्रजी अमलात मिठावरच्या करासाठी देशाच्या मधोमध नाक्यांची एक रेषा आखली होती. सिंधू नदीपासून महानदीपर्यंत ती सुमारे २,३०० मैल गेली होती. आग्रा, झाशी, होशंगाबाद, खांडवा अशी ती आपल्याच मुलखातून जात असे. बऱ्याच लांबीवर बोर, बाभूळ, करवंद, थोर यांचे काटेरी कुंपण वाढवले होते आणि राखणीला सुमारे १२,००० माणसे होती. बैलगाडी असो की डोक्यावरचे गाठोडे, झडती चुकत नसे. १८७९ साली ही रेषा मोडली. नंतर शहरोशहरी जकातनाके राहिले. महाराष्ट्रात मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांची जकात २०१३ पर्यंत गेली. मुंबईची १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर आला तेव्हा. देशातल्या देशात संसार हलवताना नाका आडवा येत नाही, ही स्थिती यायला इतकी वर्षे लागली.

देशाच्या सीमेवर मात्र कर राहणारच, आणि तो असावाही. देशी कारखान्याला आणि त्यातल्या कामगाराला संरक्षण हवे, ही आपलीच मागणी आहे. प्रश्न इतकाच की व्यापाराचा माल आणि वापरातला संसार यांत फरक करणार की नाही? १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने हा फरक मानला आहे. प्रवाशाच्या खऱ्याखुऱ्या वापरातल्या सामानाला सूट देण्याची तरतूद त्याच्या ७९ व्या कलमात आहे. अडचण कायद्यात नाही, त्याखाली केलेल्या नियमांत आहे.

१ एप्रिल २०१६ पासून लागू झालेले बॅगेजचे नियम पाहा. परदेशात नोकरी करून कायमचे परतणाऱ्यांसाठी त्यांत एक शिडी होती. तीन ते सहा महिने राहिलेल्याला ६०,००० रुपयांपर्यंतचे घरगुती सामान माफ, सहा महिने ते वर्ष राहिलेल्याला एक लाख, वर्षभर राहिलेल्याला दोन लाख आणि दोन वर्षे पुरी केलेल्याला पाच लाख. टीव्हीसारख्या काही वस्तूंना वेगळी कलमे. मर्यादेबाहेरच्या सामानावर सर्वसाधारण दर ३५ टक्के, आणि २०१८ नंतर अधिभारासह साडेअडतीस टक्के. मर्यादेच्या वर ४०,००० रुपयांचे सामान निघाले तर १५,४०० रुपये मोजायचे. रकमा आणि कलमे सरकार वेळोवेळी बदलते. शिडीमागची समजूत तपासली पाहिजे.

ही समजूत अशी की जो जास्त दिवस राहिला त्याला जास्त सूट. वरवर रास्त वाटते. पण लवकर परत कोण येतो? हौसेने कोणी येत नाही. कंपनी बुडते, ठेकेदार करार मोडतो, अपघात होतो, युद्ध पेटते. १९९० मध्ये कुवेतमधून दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी आणावे लागले, तेव्हा बहुतेकांचे सामान तिथेच राहिले. २०२० मध्ये करोनाच्या काळात पुन्हा तेच झाले. ज्याने दोन वर्षे शांतपणे पगार घेतला तो शिडीच्या वरच्या पायरीवर, आणि ज्याची नोकरी पाचव्या महिन्यात गेली, एजंटाचे कर्जही फिटले नाही, तो खालच्या पायरीवर! दोन वर्षांना दोन महिने कमी पडले तर ते माफ करण्याचा अधिकार या नियमांनी कस्टमच्या अधिकाऱ्याला दिला होता. म्हणजे बावीस महिन्यांवाल्याला आशा होती. एकविसाव्या महिन्यात ज्याला काढले, त्याची मर्यादा पाच लाखांवरून दोन लाखांवर आली. मालकाने केलेल्या अन्यायाचा दंड कामगाराने कस्टमच्या खिडकीवर का भरावा?

इतर ठिकाणी काय आहे? युरोपीय संघाचा २००९ चा नियम आहे. बाहेर किमान बारा महिने राहून जो तिथे राहायला येतो, त्याचे सहा महिने वापरलेले सामान शुल्काविना येते. अट एवढीच की ते त्याने वर्षभर विकू नये. आखाती देशांच्या सामायिक सीमाशुल्क कायद्यातही पहिल्यांदा राहायला येणाऱ्या परकीयाच्या वापरलेल्या घरगुती सामानाला सूट आहे. तिथे सामानाचा वापर पाहतात. आपल्या शिडीने माणसाचे दिवस मोजले.

यावर कोणी म्हणेल की सूट वाढवली की संसाराच्या नावाखाली चोरटा व्यापार होईल. हा मुद्दा खोटा नाही, असे प्रकार घडले आहेत. पण चार नवे टीव्ही खोक्यासकट आणणारा आणि एक वापरलेला फ्रिज आणणारा, यांतला फरक ओळखणे अधिकाऱ्याला जड नाही. शिवाय वर्षभर न विकण्याची अट आपणही घालू शकतो. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा सरकारने हातोहात आणलेल्या सपाट टीव्हीची माफी काढून घेतली. देशाचे परकीय चलन जिथे मोठ्या प्रमाणावर जाते तिथे हात घालायचा नाही आणि कामगाराचा टीव्ही पकडायचा, याला अर्थकारण म्हणत नाहीत.

नियम बदलेपर्यंत आपल्या मुलांनी काही गोष्टी पाळाव्यात. सामानाची यादी करावी, वस्तू वापरलेली असल्यास तसे लिहावे, जुनी बिले जपावीत. नोकरीवरून काढल्यास तसे पत्र लेखी मागावे. जहाजाने सामान पाठवायचे तर मुदत आधी विचारावी, कारण २०१६ च्या नियमांत ते प्रवासी आल्यापासून महिन्याच्या आत रवाना करण्याची अट होती. बंदरात माल पडून राहिला तर डेमरेज कसे चढते हे आपल्या गुड्स क्लार्कना सांगायला नको. एखाद्या वस्तूचे शुल्क परवडत नसेल आणि पुन्हा परदेशी जायचे असेल, तर ती खरी नोंदवून कस्टमकडे ठेवून घेण्याची विनंती करता येते. कायद्याच्या ८० व्या कलमात तशी सोय आहे. पोस्टातल्या साथींनीही मदत करावी. परदेशी पार्सलाच्या सीएन २२ किंवा सीएन २३ फॉर्मवर नुसते ‘घरगुती सामान’ लिहू देऊ नये. वस्तू, वजन, किंमत आणि ‘वापरलेले’ हा शब्द लिहून घ्यावा.

फेडरेशनने या तीन मागण्या अर्थमंत्रालयापुढे ठेवाव्यात. मालकाने करार मोडला, किंवा युद्ध, साथ, अपघात यांमुळे परतावे लागले, तर करारातली पूर्ण मुदत भरली असे धरावे. वापरलेल्या घरगुती सामानाची माफी किती दिवस राहिला यावर अवलंबून ठेवू नये. आणि हे सगळे नियम मराठी, हिंदीसह कामगाराच्या भाषेत छापून, परदेशी नोकरीची परवानगी देतानाच त्याच्या हाती द्यावेत.

बदलीच्या सामानाचा हक्क रेल्वे कामगाराला आहे. मिठाची रेषा गेली, जकातनाके गेले. परदेशी गेलेल्या कामगाराचा वापरातला संसारही शुल्काविना घरी आला पाहिजे. तुमच्या शाखेच्या पुढच्या सभेत हा ठराव घ्या आणि त्याची प्रत फेडरेशनकडे पाठवा.