शेवाळ तपासा, पण आधी पाणी

एखाद्या जुन्या किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ मागा. पांढऱ्या, फुंकरीनं उडतील अशा पट्ट्यांचं पुडकं हातात पडेल. नावात गवत असलं तरी हे आगर आहे, म्हणजे समुद्री शेवाळ उकळून, गाळून, वाळवलेला अर्क. आपल्या देशात त्यासाठी लागणारं ग्रॅसिलारिया हे शेवाळ तामिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर मिळतं.

हेच आगर जंतू शोधायलाही लागतं. १८८१मध्ये जंतुशास्त्रज्ञ वाल्थर हेसे यांच्या जंतू वाढवायच्या जिलेटिनच्या थाळ्या उन्हाळ्यात पातळ होत. त्यांच्या पत्नी फॅनी यांनी स्वयंपाकातलं आगर सुचवलं. ते ८५ अंशांच्या आसपास वितळतं. त्यामुळे ३७ अंशांच्या उबेत जंतू वाढवले तरी थाळी घट्ट राहते.

उकळलेल्या आगराची चिंता नको. प्रश्न कच्च्या शेवाळाचा आहे. २०१६मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर शेतात वाढवलेलं ग्रॅसिलारिया कच्चं खाऊन लोकांना साल्मोनेला या जंतूची बाधा झाली. आपल्याकडे २०२०च्या मत्स्यसंपदा योजनेत शेवाळशेतीसाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद झाली. पीक वाढेल, तसं ते ताटातही येईल.

तपासणीला वेळ लागतो. २५ ग्रॅम शेवाळ पोषक द्रावणात रात्रभर उबवायचं, मग निवडक द्रावणात, मग एक्सएलडी आगरच्या थाळीवर. काळ्या मध्याचे लालसर ठिपके उठले की साल्मोनेलाचा संशय. खात्रीच्या चाचण्या त्यापुढे. यात चार-पाच दिवस जातात आणि ओला माल तेवढा टिकत नाही. पीसीआर लवकर सांगतं, पण मेलेल्या जंतूंचा डीएनएही मोजतं.

शिवाय जंतू मालात सारखे पसरलेले नसतात. टनभर पिकातले २५ ग्रॅम निर्धोक निघाले, तर ते तेवढ्यापुरतंच. साल्मोनेला येतो सांडपाण्यातून आणि विष्ठेतून; व्हिब्रिओ हा आजार देणारा दुसरा जंतू समुद्रातलाच, पाणी तापलं की फोफावणारा. म्हणून माझं म्हणणं असं, की शेवाळाच्या आधी शेताचं पाणी तपासा, तेही नियमित. कालवं-शिंपल्यांच्या बाबतीत अमेरिकेत हेच करतात: पाण्याची प्रतवारी होते आणि मोठ्या पावसानंतर काढणी थांबवता येते.

कोकणात शेवाळशेती वाढवायची तर अनुदानाच्या अटींत शेवाळ वाढवायच्या तराफ्यांबरोबर पाणीतपासणी हवी, किनाऱ्याजवळ प्रयोगशाळा हवी आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्या माथी नको. कच्च्या मालाच्या दाखल्यावर शेवाळाच्या नमुन्याबरोबर पाण्याच्या नमुन्याचीही तारीख असावी. ती नसेल, तर तो माल शिजवल्याशिवाय खाऊ नये.