चकलीचा काय अपराध?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीची सकाळ. अभ्यंगस्नाने आटोपून आम्ही सारी ताईकडे फराळाला जमलो होतो. माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. बाळ अडीच महिन्यांचे. तिने ताटातली चकली उचलली मात्र, तोच माझ्या आईने, म्हणजे बाळाच्या पणजीने, ती अलगद तिच्या हातातून काढून घेतली.

"अगं, तळलेलं, त्यात तिखट. बाळाला बाधेल. आधीच ते सारखं दूध टाकतंय!"

भाची काही बोलली नाही. ताट तसेच ठेवून ती आत गेली. थोड्या वेळाने मी खोलीत डोकावले, तर मांडीवरचे मूल थोपटीत ती मुकाट्याने डोळे पुशीत होती. मला म्हणाली, "मावशी, मी आता काहीच खात नाही गं. तरी हा टाकतोच. माझं दूधच त्याला बाधतंय बहुतेक. आता डब्याचं दूध सुरू करावं म्हणते."

मी तिला तिच्या जेवणाविषयी विचारले. कोबी, फ्लॉवर, वाटाणा आणि हरभरा वातूळ म्हणून बंद. तुरीचे वरण पित्ताचे म्हणून बंद. केळे आणि दही थंड म्हणून, लिंबू-टोमॅटो आंबट म्हणून आणि लसूण उग्र म्हणून बंद. उरले काय? तर मऊ भात, मुगाचे वरण, दुधीची भाजी आणि दोन वेळा पेलाभर दूध. प्रत्येक भेटायला येणारीने एकेक जिन्नस कमी केला होता. सगळ्याजणी मायेनेच बोलल्या होत्या. पण मायेच्या माणसांनी मिळून एका बाळंतिणीला उपाशी ठेवले होते, आणि वर तिच्या मनात स्वतःविषयीच अपराधाची भावना रुजवली होती.

मी मराठी शिकवते. शब्दांकडे जरा जास्तच लक्ष जाते. आपल्या भाषेतले 'बाधणे' हे क्रियापद मला नेहमीच मोठे सोयीचे वाटत आले आहे. दृष्ट बाधते, वारा बाधतो, दही बाधते. त्याला पुरावा द्यावा लागत नाही आणि त्याची उलटतपासणीही होत नाही. भाचीच्या ताटातून जे जे गेले, ते सारे या एका क्रियापदाच्या साक्षीवर गेले होते.

आता हा विचार अगदीच खुळा आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या आयुर्वेदाने अंगावर पिणाऱ्या मुलाला 'क्षीरप' असे नाव दिले आणि त्याच्या दुखण्यात त्याला पाजणारीलाही औषध द्यावे असे सांगितले. सुश्रुताने तर दूध पाण्यात टाकून ते कसे मिसळते यावरून त्याची परीक्षा करण्याची रीत दिली आहे. आईच्या पोटात जाते त्याचा मुलाशी काही संबंध असतो, हे निरीक्षण फार जुने आहे. प्रश्न एवढाच, की कशाचा संबंध असतो आणि किती?

आधी मूल दूध टाकते ते का, ते पाहू. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. घास खाली गेला की ते मिटावयाचे आणि वर काही येऊ द्यावयाचे नाही, हे त्याचे काम. तान्ह्या मुलात हे कडे अजून कच्चे असते व अधूनमधून ढिले पडते. त्यात मुलाचा आहार सगळा पातळ, जठर लहान, आणि दिवसाचा बहुतेक वेळ ते आडवे. मग थोडे दूध वर यावयाचेच. अमेरिकेत शिकागोच्या परिसरात झालेली एक पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीत पहिल्या तीन महिन्यांतली निम्मी मुले दिवसातून एकदा तरी दूध टाकीत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण शेकडा ६७वर गेले आणि दहाव्या ते बाराव्या महिन्यात शेकडा ५वर आले. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दूध टाकण्याचे प्रमाण वाढणे हे दुखण्याचे लक्षण नसून बहुधा वयाचे लक्षण असते. मूल बसू लागते, घन अन्न खाऊ लागते, ते कडे पक्के होते आणि प्रकार आपोआप थांबतो. बाटलीने वरचे दूध पिणारी मुलेही दूध टाकतातच. तेव्हा डब्याचे दूध हा काही त्यावरचा उतारा नव्हे.

आणि टाकलेले दूध दिसते त्याहून पुष्कळ कमी असते. खात्री पटत नसेल तर एक चमचा दूध फडक्यावर सांडून पाहावे. केवढे तरी वर्तुळ होते! आई घाबरते ती त्या वर्तुळाला.

आता आईच्या ताटाकडे येऊ. कोबी-वाटाण्याने आईच्या पोटात वारा धरेलही. पण तो वारा आतड्यातच राहतो. दूध रक्तातून तयार होते, आतड्यातल्या वाऱ्यातून नव्हे. लिंबाची आंबटाई दुधात उतरत नाही. दह्याचा थंडपणाही उतरत नाही. मसाल्यांचा आणि लसणाचा वास मात्र उतरतो, आणि त्याची हकिगत मोठी गमतीची आहे. १९९१ साली फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेत जूली मेनेला आणि गॅरी बोशँ यांनी काही मातांना लसणाच्या गोळ्या दिल्या. सुमारे दोन तासांनी त्यांच्या दुधाला लसणाचा वास सर्वांत जास्त आला. मुलांनी तोंड फिरवले का? छे! ती नेहमीपेक्षा अधिक वेळ अंगावर राहिली. बाळंतिणीला लसणाची चटणी आणि बाजरीची भाकरी देणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे ऐकून हसूच आले असते.

मग आईच्या खाण्याने मुलाला कधीच काही होत नाही का? होते. पण क्वचित होते, आणि ज्याच्यावर कोणाचाही संशय जात नाही अशा पदार्थाने होते. तो पदार्थ म्हणजे दूध! गाईच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचे एक प्रथिन असते. ते मनुष्याच्या दुधात मुळात नसते. पण आई गाईचे दूध पिते तेव्हा त्याचा अत्यल्प अंश तिच्या दुधात येऊ शकतो. बहुतेक मुलांना त्याचे काही होत नाही. काही थोड्यांना मात्र त्याचे वावडे असते. डेन्मार्कमध्ये १,७४९ मुलांची पाहणी झाली, ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. निव्वळ अंगावर पीत असतानाच असे वावडे दिसून आलेली मुले होती फक्त ९.

अशा एका मुलाची गोष्ट मला ठाऊक आहे. आमच्या कॉलेजात माझ्या बरोबर शिकवणारी एकजण. तिची मुलगी नुसते दूध टाकीत नव्हती. शी करताना शेंब आणि रक्ताच्या रेषा दिसत, अंगावर खरजेसारखे चट्टे उठत, आणि पिताना मध्येच कळवळून ती तोंड सोडी. मुलांच्या डॉक्टरांनी आईला सांगितले, "दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ बंद करा. बाळाला अंगावर पाजणं मात्र बंद करू नका." घरात एकच कल्लोळ झाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू दूध प्यायली नाहीस तर बाळाला दूध येणार कुठून?" त्यावर सासरे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "गाय कुठे दूध पिते?"

आणि ते खरेच आहे. दूध येते ते पुरेसे खाण्यापिण्याने आणि मुलाला वरचेवर पाजण्याने. तिने चहातले दूध सोडले. दही, ताक, पनीर, खवा, पेढे, दूध घातलेली बिस्किटे सोडली. म्हशीचे किंवा शेळीचे दूधही चालत नाही, कारण त्यांतली प्रथिने सारखीच असतात. कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. दोन आठवड्यांत मुलगी पुष्कळ सुधारली. पण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी दूध पुन्हा सुरू करावयास लावले, आणि चार दिवसांत रक्ताच्या रेषा परत आल्या. तेव्हा कुठे निदान पक्के झाले.

या दोन गोष्टींतला फरक वाचक भगिनींनी नीट ध्यानात घ्यावा. इथे एकच पदार्थ बंद झाला, ठरावीक मुदतीसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि तो पुन्हा देऊन पाहिला गेला. माझ्या भाचीचे दहा पदार्थ बंद झाले, बेमुदत, आणि परत देऊन कोणी पाहिलेच नाही. पहिली झाली परीक्षा, दुसरी शिक्षा.

शिवाय ही शिक्षा स्वस्त नसते. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा २०२०चा तक्ता सांगतो. म्हणजे नेहमीच्या जेवणावर जवळजवळ दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि एखादा डिंकाचा लाडू. आई कमी जेवली तर दूध लगेच आटत नाही; ते तिच्या अंगातून ओढले जाते. हाडांतला चुनाही त्यात जातो. मूल वाढते आणि आई झिजते.

दिवाळीनंतर भाचीला घेऊन मीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ताटाविषयी काही विचारण्याआधी बाळ वजनाच्या काट्यावर ठेवले. जन्मताना २ किलो ९०० ग्रॅम, आता ५ किलो १०० ग्रॅम! दिवसातून सात-आठ वेळा लघवी, मूल हसरे, टाकल्यावर पुन्हा खुशाल प्यायला तयार. डॉक्टर म्हणाले, "याला काही झालेलं नाही. हिच्याकडे पाहा. हिला जेवायला घाला."

मग पाजण्याच्या रीतीविषयी त्यांनी बरेच सांगितले. बाळ घाईघाईने ओढीत असेल तर मध्ये थांबवून ढेकर काढावी. भुकेने रडून बेजार होण्याआधीच पाजावे. पाजल्यावर वीस-तीस मिनिटे खांद्यावर उभे धरावे. लगेच झोळीत घालून हलवू नये. तेल लावणाऱ्या बाई येण्याच्या वेळी पोट भरून ठेवू नये. आमच्याकडे नेमके तेच चालले होते. बाई नऊला येत आणि आम्ही पावणेनऊला बाळाला पोटभर पाजून तयार ठेवीत असू! झोपवताना मात्र पाठीवरच, सपाट अंथरुणावर झोपवावे. दूध टाकते म्हणून पालथे घालू नये किंवा उशीवर ठेवू नये. सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज काही नको. पाणी नको, गुटी नको, आणि मध तर वर्षभर नकोच.

आईने चहा दोन-तीन कपांच्या आत ठेवावा. एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी त्रास होतो असे खरेच दिसले, तर तो लिहून ठेवावा, काही दिवस टाळून पुन्हा खाऊन पाहावा. मात्र काही गोष्टींत एक दिवसही थांबू नये. उलटी हिरवी झाली किंवा तीत रक्त दिसले, पहिल्या दोन-तीन महिन्यांत दर पाजण्यानंतर दूध पिचकारीसारखे दूर उडू लागले, वजन वाढेनासे झाले, लघवी कमी झाली, ताप आला, पोट फुगले, किंवा मूल मलूल पडून पिईनासे झाले, तर तडक डॉक्टरांकडे जावे. दूध टाकणे सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू झाले, तरीही दाखवावे. अशा वेळी ताटात काय होते याची चर्चा करीत बसू नये.

घरी आल्यावर मी आईला सारे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू तान्ही असताना मला तुझ्या आजीनं तीन महिने नुसत्या भातावर ठेवलं होतं. मला वाटलं, तसंच करायचं असतं." आणि ती स्वयंपाकघरात गेली. त्या रात्री भाचीच्या पानात तुरीचे वरण होते, मेथीची भाजी होती, लिंबाची फोड होती. तिला जेवताना पाहून माझ्या मनात आले, आपण नव्या आईला इतक्या गोष्टी सांगतो, पण "तू जेवलीस का?" एवढे विचारायचे तेवढे राहून जाते.

बाळाने दूध टाकणे काही लगेच सोडले नाही. आठ-नऊ महिन्यांचे होईपर्यंत त्याने घरातल्या प्रत्येकाच्या खांद्यावर प्रसाद ठेवला. माझी एक नवी साडीही त्यातून सुटली नाही. पण कोणी त्याचा गुन्हेगार ताटात शोधला नाही. भाची पोटभर जेवत होती, बाळ पोटभर पीत होते, आणि डबा दुकानातच राहिला.

यंदा चिरंजीव सव्वा वर्षाचे आहेत. परवा ताईकडे चकल्या चालल्या होत्या. हे रांगत स्वयंपाकघरात शिरले आणि परातीला धरून उभे राहिले. पणजीने निवलेल्या चकलीचा मऊसा तुकडा बोटाने चुरडून त्याच्या तोंडात घातला.

"खा बाबा," ती म्हणाली, "तुझ्या आईची राहिली होती!"