ढेकूण लपवणे ही जीवदया नव्हे



आज थोडे कडू लिहिणार आहे. आपल्या घरांत पाणी गाळून घेतात, दिवस मावळायच्या आत जेवणे आटोपतात, डाळ निवडताना सापडलेली अळी हलक्या हाताने बाजूला ठेवतात. त्याच घरातली गादी मात्र वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला उचलली जाते. "अंगावर गांधी उठल्यात" असे कोणी म्हणाले, की "डास चावला असेल" म्हणून विषय संपतो. ढेकूण हा शब्द तोंडातून काढायचा नाही, लोक काय म्हणतील!

माझे म्हणणे स्पष्ट आहे. या लाजेपायी जितके जीव मरतात, तितके आपल्या स्वयंपाकघरात वर्षभरात मरत नसतील.

मी कॉमर्सची, म्हणून आधी हिशोब मांडते. ढेकणाची मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते, आयुष्यात दोनशेच्या वर. 6 ते 10 दिवसांत पिल्लू बाहेर येते. ते पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी त्याला रक्त लागते. आपल्याकडच्या उकाड्यात महिना-सव्वा महिन्यात त्याचा पूर्ण ढेकूण होतो. हे चक्रवाढ व्याज आहे. आषाढात दोन-चार होते ते दिवाळीला शेकड्यांनी निघतात. मग फवारणीवाला येतो, आणि त्या दिवशी आपण देवदर्शनाला निघून जातो. हा कोणता धर्म?

मुंगी, ऊ, ढेकूण हे तीन इंद्रियांचे जीव, हे पाठशाळेतली पोरेही सांगतात. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना बोट ठेवले आहे ते प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर. मुनी महाराज बसण्याआधी पिंछीने जागा झाडून घेतात, वस्तू उचलता-ठेवताना बघून घेतात. ती आदाननिक्षेपण समिती. आपल्याला तेवढे जमणार नाही, पण रोज जिथे झोपतो ती जागा आठवड्याला एकदा तरी बघायला काय हरकत आहे?

काही जणी म्हणतात, "बघितले की मारावे लागते, त्यापेक्षा न बघितलेले बरे." हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. डोळे मिटल्याने कर्मबंध टळत नाही. आज दोन जिवांचा प्रश्न आहे, तो तीन महिन्यांनी दोनशेचा होतो. दोन ढेकूण बाहेर सोडले तरी ते रक्ताविना मरणार किंवा दुसऱ्याच्या घरात शिरणार, तेव्हा त्यालाही उगीच दया म्हणू नये. हिंसा शून्यावर येत नाही, पण कमी करणे आपल्या हातात असते.

आता काय बघायचे ते सांगते. नुसत्या चाव्यावर विसंबू नका. सकाळी उघड्या हातांवर, मानेवर ओळीने तीन-चार पुरळ दिसले तर संशय घ्यावा. पण कित्येकांच्या अंगावर काहीच उठत नाही, काहींच्या अंगावर बऱ्याच दिवसांनी उठते. एकाच पलंगावर नवऱ्याला खाज आणि बायकोला काही नाही, असेही होते.

खरा पुरावा गादीच्या शिवणीत असतो. पेनचे टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके शोधा. ओल्या फडक्याने पुसले की ते तांबूस होऊन पसरतात. चादरीवर गंजासारखे डाग म्हणजे कूस बदलताना ढेकूण चिरडला. मधाच्या रंगाची पोकळ टरफले ही त्यांची कात. तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरी, चिकटलेली दिसतात ती अंडी. कुबट, गोडसर वास येऊ लागला तर समजा, उशीर झाला. पलंगाचे सांधे, स्क्रूची भोके, डोक्याकडची फळी, बाजेच्या नवारीच्या घड्या, भिंतीवरच्या फोटोची मागची बाजू, सगळीकडे बॅटरी मारून बघा. जुने एटीएम कार्ड शिवणीतून फिरवले की लपलेले बाहेर येते.

सापडले की खापर कुणावर फुटते? सुनेच्या माहेरून आलेल्या गादीवर, नाहीतर कामवाल्या बाईवर. बायांनो, ढेकणाला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. तो बॅगेतून, गाठोड्यातून, जुन्या सोफ्यातून येतो. आमची तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर. मुले शिकायला सोलापूर-पुण्याला, आम्ही यात्रेला, लग्नाला. बॅगा सगळ्यांच्याच येतात-जातात. ढेकणाला घरातला केर नको, माणसाचे रक्त हवे. 2023 साली पॅरिससारख्या शहरात ढेकणांचा केवढा गवगवा झाला! तिथे काय सगळी घरे घाणेरडी होती?

आणि एक हात जोडून सांगणे. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या ढेकणांसाठी पलंगाखाली कधीही ठेवू नका. त्यातून फॉस्फीन वायू निघतो, बंद खोलीत झोपलेली माणसे त्याने दगावतात. वाटेल ते औषध मारूनही उपयोग नाही. हिवतापासाठी 1953 पासून देशभर घरोघर डीडीटी फवारले गेले, आणि ढेकूण त्याला निर्ढावले. उशीर झालाच असेल तर जाणकार माणूस बोलवा आणि लहान मुलांना दूर ठेवा.

एकही जीव न मारण्याची वाट एकच, ढेकूण येऊच न देणे. प्रवासातून आल्यावर बॅग पलंगावर ठेवू नका, बाहेरच उघडून झटका. मुक्कामाच्या खोलीत आधी गादीची शिवण बघा, मग सामान लावा. जुने फर्निचर तपासल्याशिवाय आत घेऊ नका. दर अष्टमी-चतुर्दशीला गादी उचलायचा नेम करा. आणि काही सापडले तर शेजारणीला मोकळेपणाने सांगा, म्हणजे तीही वेळेत बघेल.