प्रमाणपत्र आले, हुन्नर कधी येणार?

गेल्या वर्षी एके सकाळी आमच्या पेढीचा संगणक उघडेना. पडद्यावर पैशांची मागणी आणि आत बिले, उधारी, जीएसटीचा हिशेब सारे कुलूपबंद. आमच्या भाच्याने नुकताच संगणक सुरक्षेचा ऑनलाईन अभ्यासक्रम पुरा केला होता, म्हणून त्याला बोलावले. व्हायरसच्या व्याख्या त्याला तोंडपाठ होत्या. पण तो संगणक आधी इतरांपासून तोडावा, मग जुन्या प्रतीवरून हिशेब परत उभा करावा, हे त्याला सुचले नाही. दोष मुलाचा नाही. बारा आठवडे त्याने व्याख्याने पाहिली आणि प्रश्नांची उत्तरे दिली. बिघडलेल्या संगणकाला त्याचा हात कधी लागलाच नव्हता.

आपल्या धंद्यातील माणसाला हे वेगळे सांगायला नको. मागाजवळ उभे राहून तुटलेला धागा स्वतः सांधल्याशिवाय कोणी कारागीर होत नाही.

केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' हे शिक्षणाचे व्यासपीठ सुरू केले. शिकणे मोफत, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. गरीब घरातील मुलांसाठी ही मोठी सोय आहे. तेथील अभ्यासक्रमाचे चार भाग ठरलेले आहेत: व्हिडिओ व्याख्यान, वाचन साहित्य, स्वयंचाचणी आणि शंकाचर्चा. इतिहासाला हे पुरेल. संगणक सुरक्षेसारख्या हाताच्या कामाला पाचवा भाग हवा, तो म्हणजे सरावाची जागा.

मुद्दाम कमकुवत ठेवलेला एक नकली संगणक ब्राउझरमध्येच उघडावा. विद्यार्थ्याने त्यातील भगदाड शोधावे व बुजवावे. चुकला तर एका बटणावर सारे पूर्ववत व्हावे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे 'पिकोसीटीएफ' २०१३ पासून असा सराव मोफत देत आले आहे. आपल्याकडेही सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्स' प्रकल्पात संकेतलेखनाचे प्रयोग घरबसल्या करता येतात. म्हणजे काम अशक्य नाही. प्रत्येक धड्याला त्याचा सराव जोडला पाहिजे आणि परीक्षेत निम्मे गुण हाताच्या कामाला दिले पाहिजेत.

याला कायद्याचीही बाजू आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार भरपाई द्यावी लागते. ते कपटाने केल्याचे ठरले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हौशी मुलाला कुलूप उघडण्याची विद्या सांगायची आणि सरावाचे कुलूप द्यायचे नाही, तर तो शेजाऱ्याच्या दाराशी जाणारच.

दुसरी सूचना भाषेची. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. परकी भाषा समजण्यातच निम्मी शक्ती कशी जाते, हे आम्हाला माहीत आहे. संगणकाच्या आज्ञा इंग्रजीत राहू द्या, पण त्यांचा खुलासा मराठीत आणि उर्दूत द्या.

व्यापारी बंधूंनीही आपला वाटा उचलावा. दुकानातील जुना संगणक भंगारात न देता मोहल्ल्यातील मुलांना सरावासाठी द्यावा. आणि नोकरी मागायला आलेल्या तरुणाला प्रमाणपत्र दाखव म्हणण्याआधी, काम करून दाखव म्हणावे.