मुख्याध्यापक वर्गातूनच यावा

समाजाच्या शाळेसाठी नवा मुख्याध्यापक नेमण्याची चर्चा कार्यकारिणीत चालू आहे. जाहिरातीच्या मसुद्यात ‘व्यवस्थापनाची पदवी व कंपनीतील अनुभव असल्यास प्राधान्य’ असे वाक्य आहे. उमेदवाराने वर्गात किती वर्षे शिकवले, हा प्रश्न मात्र त्यात कोठेच नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. शिक्षणशास्त्रात आमचा अधिकार नाही. पण आमची मुले याच शाळेत शिकली, म्हणून दोन शब्द लिहीत आहोत.

खाजगी शाळा नावारूपाला कोणी आणल्या ते पाहा. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतील नोकरी सोडून तेथे आले होते. टिळकांनी कायद्याची पदवी घेतली होती, पण शाळेत ते गणित शिकवीत. संस्कृतचे पंडित वामन शिवराम आपटे या शाळेचे प्रमुख झाले आणि १८८५ मध्ये निघालेल्या फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्यही. त्यांच्यानंतर आगरकर प्राचार्य झाले, तेही शिकवता शिकवताच. विषय निरनिराळे, पण खडू प्रत्येकाने हाती धरला होता.

धनिकांच्या शाळांनीही हेच केले. डेहराडूनचे डून स्कूल १९३५ मध्ये सुरू झाले. त्याचे पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट हे आधी इंग्लंडमधील ईटन येथे विज्ञानाचे शिक्षक होते. डूनमध्ये अनेक वर्षे शिकवलेले जॅक गिब्सन १९५४ मध्ये अजमेरच्या मेयो कॉलेजचे प्राचार्य झाले.

आज शाळा चालवणे म्हणजे फी, बस, इमारत आणि मंडळाची तपासणी, तेव्हा व्यवस्थापक हवाच, असे काही सभासद म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण ही कामे चांगला हिशेबनीस आणि जागरूक सचिव सांभाळू शकतात. चौथीच्या मुलाला भागाकार का येत नाही, हे ज्याने तो वर्षानुवर्षे शिकवला आहे त्यालाच कळते. नव्या शिक्षिकेच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तिची अडचण ओळखणे, हे पदवीने येत नाही. आमच्या बँकेतही काउंटरवर बसलेल्या मॅनेजरला कॅश न जुळल्याचे कारण लवकर सापडते.

भाषिक अल्पसंख्य म्हणून आपल्या शाळा चालवण्याचा हक्क घटनेच्या तिसाव्या कलमाने आपल्याला दिला आहे. अशा संस्थांना आपल्या पसंतीचा पात्र मुख्याध्यापक निवडता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मान्य केले. आजोबा-पणजोबांनी वर्गणी काढून उभारलेल्या शाळेत तो हक्क आपण कोणत्या कसोटीवर वापरणार?

आमच्या तीन सूचना आहेत. उमेदवाराची निदान दहा वर्षे वर्गात गेलेली असावीत. मुलाखतीआधी त्याने एक तास प्रत्यक्ष शिकवून दाखवावा. आणि नेमणुकीनंतरही आठवड्यातून काही तास त्याने स्वतः घ्यावेत.

जाहिरात अजून छापलेली नाही. सभासदांनी येत्या सभेला यावे आणि ते वाक्य बदलून घ्यावे, ही विनंती.