सुधारला म्हणून नोंदलेला पोरगा कुठं गेला?

मी गर्दुल्ला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पान उलटायचंय त्यांनी आत्ताच उलटावं. पुलाखाली पन्नीवर गर्द ओढलं, गर्द मिळेना तेव्हा सुई टोचून घेतली, आईच्या कानातलं विकलं, आणि ठेकेदाराकडं गटारं साफ करणाऱ्या बापाचा पगाराच्या रात्री खिसा मारला. माझी बाजू मांडायला हे लिहीत नाही. मला केसपेपरबद्दल बोलायचंय.

तीन महिने मी एका व्यसनमुक्ती केंद्रात होतो. नव्वद दिवस भरले तेव्हा त्यांनी मला ठेवून घेतलं, कारण माझं अक्षर बरं. जेवण, झोपायला जागा आणि वर चहा-बिडीपुरते पैसे. पुढची दोन वर्षं दारातून आत ओढून आणलेल्या प्रत्येक माणसाचा केसपेपर मी भरला. नाव, वय, पत्ता, प्रवर्ग. कुठला पदार्थ, किती वर्षं, दिवसाला किती, पिऊन की ओढून की टोचून. शेवटचं कधी घेतलं. आधी किती वेळा भरती. महिनाअखेरीला साहेब लोक बसायचे, बेरजा व्हायच्या, आणि त्यातून निघायचा तो 'व्यसनाचा पॅटर्न'. त्यावर भाषण, त्यावर अनुदान, त्यावर पुढच्या वर्षीचा अहवाल.

दोस्तांनो, पॅटर्न मीही पाहिला. साहेबांनी बेरजेत पाहिला, मी समोर बसून थरथरणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकला. तो असा.

पोरगा सात-आठ वर्षांचा असताना बापासाठी तंबाखूची पुडी आणायला जातो आणि चिमूटभर स्वतःच्या ओठात दाबतो. मग गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि टपरीवर तो २०१२ पासून मिळतोच आहे. पोरगा भंगार वेचणारा असेल तर पंक्चरचं सोल्यूशन नाहीतर व्हाइटनर फडक्यावर घेऊन हुंगतो: भूक मरते आणि उकिरड्याचा वास येत नाही. ही दोन्ही कामं दहा-वीस रुपयांत करून देणारी दुसरी योजना सरकारकडं असेल तर दाखवा. मग गांजा. मग देशीची क्वार्टर. मग बटन, म्हणजे मेडिकलच्या मागच्या दारानं चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्या. मग गर्द. धरपकड होऊन गर्द महागलं की सुई: दुखण्यावरचं इंजेक्शन आणि ॲलर्जीवरचं इंजेक्शन एकाच पिचकारीत. एक सुई चौघांत. हाताची शीर सापडेना म्हणून मांडीत, मांडी सडली म्हणून मानेत. पुढं एचआयव्ही, नाहीतर हिपॅटायटिस सी.

केसपेपरवर 'मुख्य पदार्थ' म्हणून एकच रकाना. एकच पदार्थ घेणारा माणूस मला जवळजवळ भेटलाच नाही. मी समासात बारीक अक्षरात बाकीचं लिहायचो. साहेब म्हणायचे, समासात लिहू नकोस, कॉम्प्युटरात जात नाही.

आत आल्यावर पॅटर्न थांबतो असं ज्याला वाटतं त्यानं एक रात्र वॉर्डात काढावी. टर्की लागलेला माणूस उलटी-जुलाबात लोळत असतो आणि शेजारचा रात्रीची झोपेची गोळी गालात दाबून साठवत असतो, चार झाल्या की एकदम गिळायला. बिडीवर सगळा बाजार चालतो. एका बिडीला एक चपाती, दोनला आंघोळीचा पहिला नंबर. भेटीच्या दिवशी भाकरीच्या चवडीतून पुडी येते. आणि बाहेर पडल्यावर? गर्द सोडलेला दारू धरतो. घरचे पेढे वाटतात, निदान दारूच पितो म्हणून. केंद्राच्या कागदावर तो सुधारलेला.

एमडीचं बोला. २०१५ साली ते कायद्याच्या यादीत आलं. पेपरात त्याच्या बातम्या येतात त्या पार्ट्यांच्या आणि बड्या बापाच्या पोरांच्या. मी ज्यांचे कागद भरले त्यातले काही रात्रपाळीचे ड्रायव्हर होते आणि काही पाठीवर डबे घेऊन मोटारसायकल पळवणारे. सोळा तास डोळा लागू नये म्हणून नाकात ओढायचे. पार्टी त्यांनी बाहेरून पाहिली, जेवण पोचवायला गेले तेव्हा.

आता सांगा, केसपेपरवर हा रकाना कुठाय? काय काम करतोस, किती तास, झोपतोस कुठं, गटारात उतरायच्या आधी क्वार्टर का लागते? माझा बाप शुद्धीत मॅनहोलमध्ये उतरत नव्हता. शुद्धीतला माणूस उतरूच शकत नाही. हातानं मैला साफ करायला लावण्यावर १९९३ साली एक कायदा झाला, २०१३ साली दुसरा, आणि माणसं अजून खाली गुदमरून मरतात. बापाचा केसपेपर भरला असता तर मुख्य पदार्थ 'दारू' आला असता. मैला हा पदार्थ यादीत नाही.

थोडं मागं जातो. मुंबईत गर्द शिरलं ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याच गल्ल्यांत १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार रस्त्यावर आले आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. घरात बाप बेकार, नाक्यावर पोरगा बेकार, आणि नाक्यावर पुडी हजर. मग नोव्हेंबर १९८५ मध्ये अंमली पदार्थांचा कायदा आला. तोवर देशात बऱ्याच ठिकाणी गांजा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळत होता, आता ओढणाराही गुन्हेगार. भांग तेवढी सुटली. पानं कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत म्हणे. ज्यांची नशा देवळाच्या ओट्यावर घोटली जाते त्यांचं व्याख्येतून बाहेर पडायला काही बिघडत नाही.

त्याच कायद्यात कलम २७ आहे: गर्द घेतल्याबद्दल वर्षापर्यंत कैद. आणि कलम ६४-अ पण आहे: थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यातून सूट. पहिलं कलम हवालदाराला पाठ. दुसरं आमच्यापैकी कुणालाच कुणी सांगितलं नाही. म्हणून इथं छापतोय. कापून ठेवा.

आता वॉर्डातलं एक सांगतो. 'काम हीच थेरपी' असं भिंतीवर रंगवलेलं होतं. सकाळी कामं वाटायची. स्वयंपाकघर, बाग, ऑफिस, संडास. माझं अक्षर कळायच्या आधी पहिले तेवीस दिवस मी संडास धुतले. माझ्याबरोबर कोण? आडनावं सांगायची गरज नाही. एकदा विचारलं तर काउन्सेलर हसून म्हणाला, अरे तुम्हाला सवय असते. हे सुशिक्षित माणूस बोलला, समुपदेशनाची डिग्री घेतलेला. भरतीच्या दिवशी डोकी भादरायचे तीही आमची. बंगल्यातून आलेल्या पोराचे केस शाबूत.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि ड्रग्जशी जोडलेल्या आजारालाही लागू आहे. त्यात लिहिलंय की पेशंटला कामाची सक्ती नाही, काम केलं तर मोबदला, डोकं भादरायची सक्ती नाही, साखळदंड तर बिलकुल नाही. मी हे केंद्रातून बाहेर पडल्यावर वाचलं. आत असताना भिंतीवर सुविचार होते, कायदा नव्हता.

पण संडास धुऊन माणूस मरत नाही. मरतो तो सुटल्यावर, आणि हा लेख त्यासाठी आहे.

माझ्या शेजारच्या खाटेवर एकोणीस वर्षांचा पोरगा होता. नव्वद दिवस नंबर एक. प्रार्थनेला पुढं, व्यायामाला पुढं. निरोपाच्या दिवशी हार घातला, फोटो काढला. अकराव्या दिवशी स्टेशनजवळच्या मुतारीत मेला. सुई हातातच. लोक म्हणाले, हावरट, जास्त घेतलं. जास्त नव्हतं घेतलं. भरतीआधी रोज घ्यायचा तेवढंच घेतलं. नव्वद दिवसांत शरीर ती सवय विसरतं, डोकं विसरत नाही. जुनाच डोस आता विष. हे काही गुपित नाही. २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लंडनचा अभ्यास छापून आलाय: भरती होऊन अफूच्या जातीची नशा सोडलेल्या १३७ जणांपैकी वर्षात पाच मेले. पाचही असे, ज्यांच्या शरीराची ती सवय मोडली होती. उपचार अर्धवट टाकून पळालेल्यांत एकही नाही. म्हणजे ज्यांना हार घालता त्यांच्याच मानेवर सुरी.

त्या पोराला जाताना हे कुणी सांगितलं का? मी लेखनिक होतो, मीही सांगितलं नाही. मला माहीतच नव्हतं. ज्यांना माहीत असायला हवं होतं ते फोटोत होते. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी एड्स कार्यक्रमाच्या केंद्रांवर फुकट मिळते, ती चालू असेपर्यंत सुई सुटते आणि मरणही टळतं. आमचे साहेब म्हणायचे, एक नशा सोडून दुसरी कशाला? स्वतः मधुमेहाची गोळी रोज घ्यायचे. नालॉक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर निळा पडलेला माणूस श्वास घेतो. आमच्या केंद्राच्या कपाटात ते नव्हतं.

मी रजिस्टर काढून पाहिलं. त्याच्या नावापुढं 'उपचार पूर्ण, सुधारणा' असं होतं, माझ्याच सुंदर अक्षरात. मी म्हणालो, इथं मेला असं लिहायचं का? ते म्हणाले, डिस्चार्जनंतरचा रकाना नाही.

२०१९ मध्ये एम्सनं देशभराची पाहणी छापली. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकाला कसला तरी उपचार मिळतो, १८० जणांत एकाला भरती. ड्रग्जवाल्यांत वीसजणांत एकाला. ही पाहणी करवून घेणारं खातं सामाजिक न्यायाचं. दलितांचं कल्याण ज्या मंत्रालयाकडं, त्याच मंत्रालयाकडं गर्दुल्ला. आमच्या दोन्ही फायली एकाच छपराखाली, आणि एका फायलीला दुसरीचा पत्ता नाही.

आणि आता आपल्याबद्दल. राग आला तर येऊ द्या. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेतलेल्या घरात मी वाढलो. म्हणून माझ्या आईनं शेजाऱ्यांना सांगितलं, पोरगा गावाला गेलाय. त्या गावाचं नाव व्यसनमुक्ती केंद्र. आपल्या मंडळाची पोरं चौदा एप्रिलच्या आधी वस्ती 'साफ' करतात, म्हणजे पुलाखालच्या गर्दुल्ल्यांना पट्ट्यानं मारून पुढच्या वस्तीत हाकलतात. मी मार खाल्लाय. मारणारा माझ्याच शाळेतला, निळा फेटा बांधलेला. त्यानं मला ओळखलं आणि आणखी दोन मारले. प्रतिज्ञेच्या नावावर आपणही एक अस्पृश्य तयार केला, आणि त्याचा पाणवठा म्हणजे ती मुतारी.

मला प्रस्ताव-ठराव नकोत. काम सांगतो. तुमच्या वस्तीत गेल्या पाच वर्षांत असा कुणी गेला असेल, केंद्रातून किंवा जेलमधून सुटल्यावर, तर वहीत लिहा. नाव नको, केंद्राचं नाव नको. वय, काम काय करायचा, आत किती दिवस होता, सुटल्यावर कितव्या दिवशी गेला. चार रकाने. वही पुढच्या अंकाच्या आधी मंडळात आणा. कागद मी भरतो, अक्षर अजून बरं आहे.